विटेनबर्ग ते लाइप्झिग: एका गायनयात्रेचा मार्ग

पाश्चात्य देशांतील पुष्कळ मंडळ्यांचे गायकवृंद, ज्यांस आपण नित्य बोलण्यांत क्वायर म्हणतों, उन्हाळ्याच्या सुटींत एकत्र निघून जर्मनी देशाच्या जुन्या चर्चनगरांतून आठ-दहा दिवस फिरतात. तीस-चाळीस माणसें, एक मोठी बसगाडी, प्रत्येकाच्या हातीं गीतांची काळ्या पुठ्ठ्याची वही आणि एक-दोन दिवसांनीं नवें गांव, असा हा क्रम असतो. ह्यांत धंदेवाईक गवई फारसे नसतात. शिक्षक, कारकून, परिचारिका, दुकानदार असे रविवारीं आपापल्या चर्चमध्यें गाणारे लोक असतात. एवढा खर्च व त्रास सोसून हे लोक दुसऱ्यांच्या चर्चमध्यें गाण्यास कां जातात, असा प्रश्न आमच्या विद्यार्थ्यांस पडणें साहजिक आहे. नुसतीं स्थळें पाहावयाचीं तर गाण्याची गरज नाहीं, आणि नुसतें गावयाचें तर आपलें गांव सोडण्याची गरज नाहीं. परंतु गायकवृंद म्हणजे काय, तो मंडळीसाठीं गातो कीं मंडळीऐवजीं गातो, हा जो एक जुना वाद आहे, त्याचा पुष्कळसा इतिहास ह्या थोड्याशा गांवांत घडला आहे. आणि तो पुस्तक वाचून समजतो त्यापेक्षां त्या त्या चर्चच्या गॅलरींत उभें राहून गातांना अधिक चांगला समजतो. म्हणून ह्याच यात्रेच्या मार्गानें वाचकांस घेऊन जाण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हीं गांवें थुरिंगिया, साक्सनी व साक्सनी-आनहाल्ट ह्या तीन प्रांतांत आहेत. अंतरें मोठीं नाहींत. पश्चिमेकडील आयझेनाखपासून पूर्वेकडील ड्रेस्डेनपर्यंतचा रस्ता आपल्या पुणें-नागपूर रस्त्याच्या निम्माहि भरणार नाहीं. १९४९ पासून १९९० पर्यंत हा सर्व मुलूख साम्यवादी पूर्व जर्मनींत मोडत असे. त्या राज्यांत चर्चें बंद केलेलीं नव्हतीं, पण चर्चशीं संबंध ठेवणाऱ्यांच्या मुलांची उच्च शिक्षणाची वाट पुष्कळदां अडविली जाई. आज ह्या भागांतील बहुसंख्य लोक कोणत्याहि चर्चचे सभासद नाहींत. धर्मसुधारणेच्या जन्मभूमीची ही स्थिति यात्रेकरूनें आधींच ध्यानांत घ्यावी. नाहीं तर रविवारच्या सकाळीं विशाल मंदिरांत मोजकीं माणसें पाहून त्याचा विरस होतो.

बर्लिन शहरीं विमानानें उतरून पुष्कळ गायकवृंद प्रथम विटेनबर्गास जातात. १५१७ सालच्या ३१ आक्टोबरास मार्टिन ल्यूथरनें आपले पंचाण्णव सिद्धांत ज्या दरवाज्यावर लाविले असें परंपरा सांगते, तो राजवाड्याच्या चर्चचा दरवाजा पाहण्यास तेथें गर्दी असते. मूळचा लांकडी दरवाजा सप्तवार्षिक युद्धांत १७६० सालीं जळाला. हल्लीं आहे तो ब्राँझचा, १८५८ सालीं बसविलेला. त्याच्यापुढें उभें राहून छायाचित्र काढण्याचें काम पांच मिनिटांत आटपतें, व आटपावें. गाणाऱ्यांच्या दृष्टीनें अधिक महत्त्वाचें साल १५२४ हें आहे. त्या सालीं जर्मन भाषेंतील अवघ्या आठ गीतांचें एक पुस्तक निघालें व त्यांतील चार गीतें ल्यूथरचीं होतीं. तें छापलें न्यूरेंबर्ग येथें, पण वर नांव घातलें विटेनबर्गाचें. इतका त्या लहानशा गांवाचा लौकिक झाला होता! तोंपर्यंत उपासनेंतील गायन हें मुख्यतः लॅटिन भाषेंत होई व तें धर्मगुरूंचें आणि शिकलेल्या गायकांचें काम होतें. लोकांनीं ऐकावें. आतां लोकांच्याच भाषेंत, त्यांच्या तोंडीं सहज बसेल अशा चालींत गीतें आलीं आणि ऐकणारे गाऊं लागले. आपल्याकडे रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) ह्यांनीं अभंगाच्या व भजनाच्या चालींत ख्रिस्ती गीतें रचलीं आणि अक्षरओळख नसलेल्या बायामाणसांनींहि तीं पाठ केलीं, हें ज्यांस ठाऊक आहे त्यांस १५२४ सालीं काय घडलें तें निराळें समजावून सांगावयास नको.

विटेनबर्गाहून एल्ब नदीच्या प्रवाहाविरुद्ध वर गेलें म्हणजे टोर्गाउ लागतें. परदेशी गायकवृंद हें गांव पुष्कळदां गाळतात, आणि आमच्या मतें तेथेंच चुकतात. त्याच १५२४ सालीं योहान वाल्टर नांवाच्या तरुण गायकानें ल्यूथरच्या प्रस्तावनेसह एक दुसरें पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांत हीं नवीं गीतें अनेक आवाजांत बांधलेलीं होतीं. तीं तरुणांसाठीं आहेत, कारण संगीत व इतर चांगल्या विद्या तरुणांस शिकविल्याच पाहिजेत, अशा आशयाचें ल्यूथरनें प्रस्तावनेंत लिहिलें आहे. वाल्टर हा साक्सनीच्या राजाच्या दरबारीं गायक होता. पुढें नव्या राजानें दरबारचा गायकवर्ग मोडला, तेव्हां वाल्टरनें टोर्गाउ गांवच्या शाळेंत गायन शिकविण्याचें काम पत्करलें. आणि शाळेचे विद्यार्थी व गांवचे हौशी गृहस्थ मिळून एक गायकवृंद उभा केला. प्रॉटेस्टंट मंडळ्यांतील नगर-गायकवृंदांचा आरंभ बहुधा येथूनच धरतात. राजाश्रय गेला म्हणून गायन बंद पडलें नाहीं. तें शाळेंत आलें. तेव्हांपासून दोन-अडीचशें वर्षें ह्या देशांत गायकवृंदाचा नायक, ज्यास तेथें कांटोर म्हणतात, हा बहुधा शाळामास्तर असे. सकाळीं व्याकरण, दुपारीं गायनाची तालीम, रविवारीं चर्च, आणि गांवांत कोणी वारलें तर मुलांस घेऊन प्रेतयात्रेंत गाणें, असें त्याचें काम होतें. आमच्या व्यवसायबंधूंस हें वाचून कांहीं नवल वाटणार नाहीं.

टोर्गाउच्या राजवाड्यांतील मंदिराचें समर्पण ल्यूथरनें स्वतः १५४४ सालच्या ५ आक्टोबर रोजीं केलें. प्रॉटेस्टंट उपासनेसाठीं म्हणून मुद्दाम नवीन बांधलेल्या अगदीं पहिल्या मंदिरांपैकीं हें होय. आकार साधा, लांबट दालनासारखा. व्यासपीठ टोंकास नसून लांब भिंतीच्या मध्यावर आहे, आणि चोहों बाजूंस गॅलऱ्या आहेत, म्हणजे कोठेंहि बसलें तरी बोलणें ऐकूं यावें. समर्पणाच्या प्रवचनांत ल्यूथरनें सांगितलें कीं, ह्या घरांत देवानें आपल्या वचनानें आमच्याशीं बोलावें आणि आम्हीं प्रार्थनेनें व स्तुतिगीतानें त्यास उत्तर द्यावें, ह्याहून निराळें कांहीं घडूं नये. ह्यांत गीत हें उत्तर ठरलें. आतां उत्तर कोणीं द्यावयाचें? दुसऱ्यानें आपल्या वतीनें दिलेलें उत्तर चालेल काय? त्याच समारंभासाठीं वाल्टरनें सात आवाजांची एक कठीण रचना केली होती, आणि ती कांहीं मंडळीस गातां येण्याजोगी नव्हती!

ही अडचण कशी होती तें थोडें उलगडून सांगतों. वाल्टरच्या पुस्तकांत गीताची मूळ चाल बहुधा टेनर आवाजांत, म्हणजे प्रौढ पुरुषांच्या वरच्या आवाजांत ठेवलेली असे. तिच्यावर मुलांचे आवाज व तिच्याखालीं बास आवाज वेलीसारखे गुंफलेले. जाणत्यास त्यांत मोठा आनंद. परंतु बांकावर बसलेल्या शेतकऱ्यास आपल्या ओळखीची चाल त्या गर्दींत सांपडत नसे. म्हणून एक कडवें गायकवृंदानें गावें, पुढचें मंडळीनें एका सुरांत गावें, असा पाळीपाळीनें गाण्याचा प्रघात होता. १५८६ सालीं लुकास ओझियांडर नांवाच्या दक्षिण जर्मनींतील पाळकानें पन्नास गीतांचें एक पुस्तक काढून ही गांठ सोडविली. त्यानें चाल उचलून सर्वांत वरच्या आवाजांत ठेवली, आणि बाकीचे तीन आवाज तिच्याबरोबर पावलास पाऊल टाकीत चालतील असे बांधले. वरची चाल सर्वांस ऐकूं येते, सर्वांनीं तीच गावी; गायकवृंदानें खालून तिला आधार द्यावा. आज जगांतील बहुतेक पाश्चात्य गीतपुस्तकांत चार आवाजांचीं गीतें ज्या रीतीनें छापलेलीं असतात, आणि आमच्या शाळेंतील मुलें ज्या रीतीनें सोप्रानो, आल्टो, टेनर, बास असे विभाग पाडून शिकतात, ती रीत हीच.

येथें आम्हांस एक गोष्ट स्पष्ट लिहिल्यावांचून राहवत नाहीं. आमच्याकडे कित्येक ठिकाणीं नाताळच्या उपासनेंत गायकवृंद चार आवाजांत, इंग्रजी शब्दांत, सुंदर गातो आणि मंडळी मुकी बसते. पुष्कळांस तें प्रगतीचें लक्षण वाटतें. परंतु ज्या देशाकडून ती चार आवाजांची विद्या आली, तेथें ती मंडळीचें तोंड उघडण्यासाठीं निघाली होती. असो.

टोर्गाउहून त्याच नदीनें आणखी वर ड्रेस्डेन. येथील क्रॉइझकोर, म्हणजे क्रूस-मंदिराचा मुलांचा गायकवृंद, सात-आठ शतकांची परंपरा सांगतो. युद्धानें गायकवृंद मोडावे हा अनुभव ह्या शहरास दोनदां आला. पहिल्यानें १६१८ ते १६४८ च्या तीस वर्षांच्या युद्धांत. दरबारचा थोर संगीतकार हाइनरिख श्यूट्झ (१५८५–१६७२) ह्याच्यापाशीं गाणारे व वाजविणारे इतके थोडे उरले कीं, एरवीं भव्य समुदायासाठीं लिहिणाऱ्या ह्या माणसानें १६३६ व १६३९ सालीं एक ते पांच गायकांपुरत्या आटोपशीर रचना छापल्या. त्या आजहि गातात. लहान मंडळ्यांच्या गायकांनीं त्यांची ओळख करून घ्यावी. मोठा गायकवृंद नाहीं ही सबब श्यूट्झनें निकालांत काढली आहे. दुसऱ्या वेळीं मात्र आघात याहून भयंकर होता. १९४५ सालच्या १३ व १४ फेब्रुवारी रोजीं ब्रिटिश व अमेरिकन विमानांच्या हल्ल्यांत जुनें ड्रेस्डेन जळालें. क्रूस-मंदिर आंतून जळून गेलें आणि गायकवृंदांतील अकरा मुलें मेलीं. कांटोर रुडोल्फ मावर्सबेर्गर ह्यानें त्याच वर्षीं ईस्टरच्या सुमारास यिर्मयाच्या विलापगीतांतील वचनें घेऊन उजाड झालेल्या नगरीविषयीं एक रचना केली. वाद्यें नाहींत, केवळ आवाज. जीं मुलें उरलीं होतीं त्यांस पुन्हां गोळा करून त्यानें ती ४ आगस्ट १९४५ रोजीं त्याच जळक्या मंदिरांत म्हणविली. गायकवृंद मंडळीच्या वतीनें गाऊं शकतो काय ह्या प्रश्नास एक उत्तर त्या दिवशीं मिळालें, असें म्हणतां येईल. त्या दिवशीं मंडळीच्या तोंडून शब्द निघण्याजोगा नव्हता, आणि मुलांनीं तो तिच्यासाठीं काढला.

इंग्लंड-अमेरिकेंतील गायकवृंद ड्रेस्डेनास येतात तेव्हां त्यांची कसोटी लागते ती ह्यामुळें. ज्यांच्या देशाच्या विमानांनीं तें शहर जाळलें त्यांनीं तेथें काय गावें? आमचें मत असें कीं, मावर्सबेर्गरची ती रचना पाहुण्यांनीं तेथें ऐकावी, गाऊं नये. दुसऱ्याच्या घरचें रडणें आपण सुरांत म्हणून दाखवावें हें बरें दिसत नाहीं. समेटाच्या खुणा तेथें निराळ्या आहेत. गेओर्ग बेअर ह्यानें बांधलेलें, दगडी घुमटाचें फ्राउएनकिर्खे हें चर्च आगीनंतर १५ फेब्रुवारीस कोसळलें, व जवळजवळ पन्नास वर्षें दगडांचा ढीग म्हणून तसेंच पडून होतें. १९९४ पासून तें पुन्हां उभारण्यांत आलें व ३० आक्टोबर २००५ रोजीं त्याचें समर्पण झालें. त्याच्या शिखरावरील क्रूस ब्रिटिश लोकांच्या देणगीचा आहे. आणि तो घडविणाऱ्या कारागिराचा बाप ड्रेस्डेनवरील हल्ल्यांत विमान घेऊन आलेल्यांपैकीं एक होता.

ड्रेस्डेनच्या नैर्ऋत्येस अगदीं जवळ फ्रायबेर्ग हें रुप्याच्या खाणींचें जुनें गांव आहे. तेथील कॅथीड्रलमधील ऑर्गन गोटफ्रीट झिल्बरमान ह्यानें १७१४ सालीं पुरा केला. आपल्याकडे नाटकांतून व कांहीं चर्चमधून वाजे तो ऑर्गन म्हणजे बाजाच्या पेटीचाच मोठा भाऊ. त्यांत पितळी सूर बसविलेले असतात व पायानें भाता मारावा लागतो. झिल्बरमानचा ऑर्गन निराळा. त्यांत शेंकडों नळ्या आहेत, बोटाएवढीपासून झाडाच्या बुंध्याएवढीपर्यंत, आणि प्रत्येक नळी म्हणजे एक बासरी किंवा सनईच होय. तीन पट्ट्यांच्या रांगा, पायांनीं वाजवावयाची एक चौथी, आणि निरनिराळ्या जातींच्या आवाजांचे ४४ स्टॉप. येथें गाणाऱ्यांस तीन गोष्टी नव्यानें शिकाव्या लागतात.

पहिली गोष्ट घुमण्याची. उंच दगडी कमानींखालीं आवाज कित्येक क्षण टिकतो. विजापूरच्या गोल घुमटांत ज्यांनीं हांक मारून पाहिली आहे त्यांस हें सांगावयास नको. गालिचे घातलेल्या दिवाणखान्यांत बसविलेलें जलद गीत येथें गाइलें तर शब्दांचा चिखल होतो. म्हणून लय धीमी करावी लागते, व्यंजनें स्वच्छ टाकावीं लागतात, आणि कडवें संपलें म्हणजे आपल्याच आवाजाचें घुमणें विरेपर्यंत थांबण्याचा धीर धरावा लागतो. दुसरी गोष्ट दिसण्याची. ऑर्गनवादकाची पाठ गायकांकडे असते, व तो एका लहानशा आरशांत नायकाचे हात पाहून वाजवितो. मोठ्या नळीस आवाज धरण्यासहि क्षणभर लागतो, म्हणून त्याला थोडें आधींच वाजवावें लागतें. तिसरी पट्टीची. ह्या ऑर्गनचा स्वर आजच्या सर्वमान्य स्वरापेक्षां अर्ध्या स्वराहून अधिक चढा आहे. ज्याच्या गळ्यास नेहमींची वरची पट्टीच जेमतेम पेलते, त्याची येथें त्रेधा उडते. ही अडचण जुन्या लोकांनाहि होतीच. लाइप्झिग येथें बाखनें वाद्यवृंदाच्या कागदांपेक्षां ऑर्गनवादकाचा कागद एक स्वर खालीं लिहून ती भागविली होती.

बाखचें नांव निघालें, तेव्हां आतां पश्चिमेकडे थुरिंगियांत आर्नश्टाट गांवीं वळलें पाहिजे. योहान सेबास्टियन बाख १७०३ सालीं, वयाच्या अठराव्या वर्षीं, तेथील नव्या चर्चमध्यें ऑर्गनवादक झाला. शाळेच्या विद्यार्थ्यांचा गायकवृंद त्याच्या वाट्यास आला, पण त्यांतील कित्येक त्याच्याहून वयानें मोठे! १७०५ सालीं त्यांतील एका वाजविणाऱ्यास त्यानें वाईट वाजवितो म्हणून टोंचून बोललें, आणि त्या गड्यानें रात्रीं चौकांत त्याच्यावर काठी उगारली. प्रकरण चौकशीपर्यंत गेलें. त्याच वर्षाच्या अखेरीस चार आठवड्यांची रजा घेऊन तो उत्तरेस ल्यूबेक येथें वृद्ध ऑर्गनवादक बुक्स्टेहूड ह्याचें वादन ऐकण्यास सुमारें ४०० किलोमीटर पायीं गेला, आणि परत आला तो जवळजवळ चार महिन्यांनीं. (ल्यूबेकचें तें मरियेचें चर्च १९४२ सालीं झावळ्यांच्या रविवारच्या रात्रीं बाँबनें जळालें. मनोऱ्यांतून खालीं पडून फुटलेल्या घंटा अजून जशाच्या तशा तेथें फरशींत रुतलेल्या ठेविल्या आहेत.) परत आल्यावर अधिकाऱ्यांनीं बाखला बोलावून जाब विचारला. रजेविषयीं तर विचारलेंच; पण दुसरा आक्षेप असा होता कीं, गीतांना साथ करितांना तो इतके चमत्कारिक फेरफार व परके स्वर मिसळतो कीं मंडळी गोंधळून जाते. तिसरा असा कीं, विद्यार्थ्यांस घेऊन गायन करावयाचें तें तो करीत नाहीं.

त्या अधिकाऱ्यांस पुढील पिढ्या हंसल्या आहेत. आम्ही हंसणार नाहीं. त्यांस बाखची योग्यता कळली नाहीं हें खरें, पण त्यांचा आक्षेप अगदींच खोटा नव्हता. जो साथ करितो त्यानें गाणाऱ्याचा हात सोडूं नये, एवढेंच ते म्हणत होते. आणि बाखनेंहि पुढें आपल्या उपासना-रचनांत कितीहि गहन विणकाम केलें तरी शेवटीं बहुधा मंडळीच्या ओळखीचें एक साधें, चार आवाजांचें गीत ठेविलें, ज्यांत चाल वरच्या आवाजांत स्पष्ट ऐकूं येते.

आर्नश्टाटच्या पश्चिमेस आयझेनाख, बाखचें जन्मगांव. गेओर्ग चर्चमध्यें १५०३ सालचें दगडी बाप्तिस्मापात्र आहे; १६८५ सालीं त्यांतच ह्या मुलाचा बाप्तिस्मा झाला. गांवच्या लॅटिन शाळेंत तो शिकला. हजेरीपटांत त्याच्या नांवावर गैरहजेरी पुष्कळ आहे. पण दहा वर्षांचा होण्याच्या सुमारास एका वर्षाच्या आंत त्याचे आई-बाप दोघेहि वारले, हें लक्षांत घेतलें म्हणजे मास्तरलोकांनीं भुंवया चढवूं नयेत. ह्याच शाळेंत सुमारें दोनशें वर्षें आधीं, १४९८ ते १५०१ पर्यंत, ल्यूथर होता. त्या काळीं गरीब विद्यार्थी टोळीनें दारोदार गात फिरत व मिळेल त्या अन्नावर राहत. आपल्याकडे वार लावून जेवणारे, माधुकरी मागून शिकणारे विद्यार्थी होते, त्यांचेच हे भाऊबंद. गांवावरच्या डोंगरावरील वार्टबुर्ग किल्ल्यांत १५२१-२२ सालीं लपून राहून ज्यानें नव्या कराराचें जर्मन भाषांतर केलें, त्याला उंबऱ्याउंबऱ्यावर काय ऐकूं येतें व लोक घरांत कोणती भाषा बोलतात, हें ह्या माधुकरीनें शिकविलें असावें, असें आम्हांस वाटतें.

परतीच्या वाटेवर हाले. हँडेलचें जन्मगांव म्हणून गायकवृंद तेथें उतरतात, व ज्या बाजार-चर्चमध्यें १६८५ सालीं त्याचा बाप्तिस्मा झाला तेथें गातात. आम्हां महाराष्ट्रीयांनीं मात्र तेथें आणखी एक ठिकाण पाहावें. आउगुस्ट हेरमान फ्रांके ह्यानें १६९८ सालीं पाया घातलेला अनाथाश्रम व त्याभोंवतीं वाढलेल्या शाळा अजून उभ्या आहेत. हाले येथें शिकलेला त्सीगेनबाल्ग १७०६ सालीं तरंगंबाडीस आला, व १७५० सालीं तेथूनच श्वार्ट्झ आला. हा श्वार्ट्झ पुढें तंजावर येथें राहिला, आणि भोसले कुळांतील तरुण सरफोजी राजांचा तो पालक व गुरु झाला. १७९८ सालीं तो वारल्यावर सरफोजींनीं इंग्लंडांतील शिल्पकार फ्लॅक्समन ह्याच्याकडून त्याचें संगमरवरी स्मारक करविलें. मरणशय्येवरील गुरूचा हात राजानें हातीं धरला आहे असें त्यांत कोरलेलें आहे. हालेच्या अनाथाश्रमाचा आंगठा असा मराठी राज्याच्या इतिहासांत उमटला आहे.

शेवटीं लाइप्झिग. येथें दोन मोठीं चर्चें. निकोलाय चर्चमध्यें १९८२ पासून दर सोमवारीं शांतीसाठीं प्रार्थना होत असे. १९८९ सालच्या ९ आक्टोबरास त्या प्रार्थनेनंतर सुमारें सत्तर हजार लोक शस्त्रावांचून रस्त्यावर आले आणि गोळी सुटली नाहीं. एका महिन्यानें बर्लिनची भिंत उघडली. दुसरें टोमास चर्च. त्याच्या मुलांच्या गायकवृंदाची स्थापना १२१२ सालची आहे, व १७२३ पासून १७५० सालीं मरेपर्यंत बाख त्याचा कांटोर होता. त्याच्या नेमणुकींत लॅटिन शिकविण्याचेंहि काम होतें. तें त्यानें पदरचे पैसे देऊन दुसऱ्याकडून करविलें. १७३० सालच्या आगस्टांत त्यानें नगरसभेस एक लांब निवेदन पाठविलें. प्रत्येक गायकवृंदास निदान बारा, आणि खरें म्हणजे सोळा गाणारे पाहिजेत, कारण कोणी ना कोणी नेहमीं आजारी असतोच, असें त्याचें म्हणणें. शेवटीं त्यानें शाळेंतील मुलांची यादी जोडली: कामाचे १७, अजून तयार न झालेले २०, निरुपयोगी १७. एवढ्यांतून शहरांतील चार चर्चें भागवावयाचीं! जगांतील थोर संगीत ज्या गळ्यांसाठीं लिहिलें गेलें त्यांचें हें प्रगतिपत्रक. आपल्या गायकवृंदांत चांगले आवाज नाहींत म्हणून हताश होणाऱ्या शिक्षकांनीं तें भिंतीवर टांगून ठेवावें.

टोमास चर्चमध्यें शुक्रवारीं सायंकाळीं सहा वाजतां व शनिवारीं दुपारीं तीन वाजतां मोटेट नांवाची गीत-उपासना होते. शाळेच्या सुटींत, मुलें गांवीं नसतात तेव्हां, पाहुण्या गायकवृंदांस तेथें गाण्याची संधि मिळूं शकते. पुष्कळांची यात्रा आंखलेली असते ती ह्या एका तासाभोंवतीं. बाखच्या अस्थि १९५० पासून वेदीपुढील भागांत आहेत. परंतु गाणारे तेथें उभे राहत नाहींत. ते पश्चिमेच्या गॅलरींत, ऑर्गनपाशीं, लोकांच्या मागें उभे राहतात. रंगमंचावर उभें राहून गाण्याची संवय झालेल्यांस हें प्रथम चमत्कारिक वाटतें. खालीं शेंकडों माणसें बसलेलीं असतात, आणि वरून दिसतात त्या केवळ त्यांच्या पाठी. कोणी वळून पाहत नाहीं. नायकाचा नवा पोशाख, बायकांचे एकरंगी झगे, सारें व्यर्थ. मधून एक गीत सर्वांनीं मिळून म्हणावयाचें असतें व तें कार्यक्रमाच्या कागदावर छापलेलें असतें. कित्येक पाहुणे गायकवृंद आपल्या कठीण रचना वर्षभर बसवितात आणि हें एक गीत मात्र शिकून येत नाहींत. मग ऑर्गन चाल धरूं लागला म्हणजे वर गॅलरींत कागद शोधण्याची गडबड उडते, आणि तोंपर्यंत खालच्या बांकांवरील म्हाताऱ्या बायका दुसऱ्या ओळीवर पोहोंचलेल्या असतात.